वाचक विचारतात : हुलागूचा पणतू मुसलमान झाला, मग राजकारणात काय बदललं?

मागच्या अंकात बगदादच्या पाडावावर लेख होता. १२५८ मध्ये मंगोल सेनानी हुलागू खानाने बगदाद लुटलं आणि खलिफा मुस्तासिमला मारून टाकलं, हे त्यात सविस्तर आलं होतं, आणि शेवटी एकच ओळ होती की याच हुलागूचा पणतू, इराणचा राजा झालेला गाझान खान १२९५ मध्ये मुसलमान झाला. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून यावेळचा सगळा कॉलम गाझानलाच दिलाय.

प्रश्न : गाझानने इस्लाम मनापासून स्वीकारला की फक्त तख्त मिळावं म्हणून?

तारखा एकापुढे एक ठेवल्या की तख्ताचा भाग लगेच दिसतो. मार्च १२९५ मध्ये इराणचा मंगोल राजा गैखातू, म्हणजे गाझानचा काका, त्याच्याच अमीरांनी, म्हणजे सरदारांनी, मारला. खजिन्यात तेव्हा खडखडाट होता, आदल्या वर्षी त्याने चीनसारख्या कागदी नोटा काढून बघितल्या होत्या आणि तबरीझच्या बाजारात लोकांनी त्या घ्यायलाच नकार दिला, दुकानं बंद पडली, शेवटी नोटा मागे घ्याव्या लागल्या. गैखातूनंतर गादीवर बसला बायदू, तोही हुलागूचाच नातू. गाझान तेव्हा इराणच्या ईशान्येकडच्या खुरासानचा कारभार बघत होता, वय २३, आणि सैन्य बायदूपेक्षा कमी.

इथे नौरोज नावाचा अमीर येतो आणि हा माणूस नीट समजून घ्या कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकतच नाही. ओइरात टोळीचा, बाप अर्गून आका वर्षानुवर्षं मंगोलांच्या वतीने इराणी मुलखाचा कारभार बघणारा, स्वतः नौरोज कट्टर मुसलमान, आणि १२८९ पासून पाचएक वर्षं गाझानच्याच विरोधात बंड करून लढलेला. १२९४ मध्ये तो शरण आला आणि वर्षभरात गाझानचा उजवा हात झाला. त्याने गाझानला सांगितलं की मुसलमान हो, मुसलमान अमीर आणि रयत तुझ्या पाठीशी उभी राहील. जून १२९५ मध्ये दमावंद डोंगराच्या पायथ्याशी लार खोऱ्यात शेख सद्रुद्दीन इब्राहीम हमूयी यांच्यासमोर गाझानने कलमा म्हटला, महमूद हे नाव घेतलं, आणि सोबतच्या अमीरांनीही तेच केलं. पुढच्याच महिन्यात रमझान लागला तर त्याने रोजे धरले. ऑक्टोबरमध्ये तो तबरीझमध्ये विजेता म्हणून शिरला आणि बायदूला मारण्यात आलं. बायदूचे अमीर एकेक करून फुटून गाझानकडे आले होते, मोठी लढाई करायची वेळच आली नाही.

आता दुसरी बाजू. लोक असं धरून चालतात की राजा मुसलमान झाला आणि मग सैन्य झालं. इराणात उलट घडत होतं. हुलागूसोबत आलेल्या सैनिकांची दुसरी तिसरी पिढी मुसलमान मुलखात वाढलेली होती, त्यांचं देणंघेणं, शेजार, सगळं मुसलमानांमध्ये, त्यातले बरेच जण आधीच मुसलमान झाले होते. म्हणजे गाझान आपल्या सैन्याच्या पुढे गेला नाही, सैन्य जिथे पोचलं होतं तिथे तो जाऊन उभा राहिला. आधीचा एक इलखान (इराणच्या मंगोल राजांना इलखान म्हणत), तगूदार, अहमद नाव घेऊन १२८२ मध्ये मुसलमान म्हणूनच गादीवर बसला होता, पण तेव्हा हे वारं पुरेसं वाहत नव्हतं आणि दोन वर्षांत गाझानच्या वडिलांनी, अर्गूनने, त्याला हटवून मारलं. अकरा वर्षांनी तीच गोष्ट करून गाझान राजा झाला.

मग मनापासून होतं की नाही? माझं मत सांगतो. १२९७ मध्ये गाझानने नौरोजलाच संपवलं. इजिप्तच्या सुलतानाशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता, ती पत्रं बनावट असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. नौरोजचे भाऊ मारले गेले, तो स्वतः हेरातला पळाला, तिथल्या कर्त घराण्याच्या राजाने त्याला आधी आसरा दिला आणि मग पकडून दिलं. ज्याच्या सांगण्यावरून धर्म बदलला तोच गेला, गादी पक्की झाली, आता ढिलं सोडायला काहीच हरकत नव्हती. पण त्याच वर्षी गाझान आणि त्याच्या अमीरांनी रुंद काठाच्या मंगोल टोप्या काढून पगड्या बांधल्या. मला तरी हा माणूस १२९५ मध्ये गरजेपोटी शिरला आणि नंतर खरंच त्यात राहिला असं वाटतं.

प्रश्न : इराणमध्ये बौद्ध होते हे पहिल्यांदाच वाचलं. त्यांचं काय झालं?

होते, आणि राजाश्रयाला होते. अर्गून स्वतः बौद्ध, गाझान लहानपणापासून बौद्ध भिक्खूंच्या हाताखाली वाढलेला, खुरासानात असताना खबूशान इथे त्याने स्वतः बौद्ध मंदिरं बांधली होती. हे सगळं माहीत असल्यावर पुढचं वाचताना जास्त लागतं. तबरीझला पोचल्यावर हुकूम निघाला की बौद्ध मंदिरं, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं पाडा. बौद्धांवरचा घाव सगळ्यात खोल होता, कारण त्यांच्यामागे गावोगावची प्रजा नव्हती, होता तो फक्त दरबार, आणि तोच गेला. भिक्खूंना आधी मुसलमान व्हायला लावलं, पण ते वरवरचं आहे हे गाझानला कळत होतं, कारण तो त्यांच्यातच वाढला होता. मग त्याने सांगितलं की ज्यांना जायचंय त्यांनी हिंदुस्थान, काश्मीर, तिबेट किंवा आपापल्या मुलखात निघून जावं, आणि राहायचं असेल तर ढोंग करू नये.

गाझानचा वजीर रशीदुद्दीन याने एक प्रसंग लिहून ठेवलाय. अर्गूनने एका मंदिराच्या भिंतीवर स्वतःचं चित्र काढून घेतलं होतं. मंदिर मोडल्यावर त्या चित्रावर पाऊस आणि बर्फ पडायला लागलं. दरबारातल्या काही बायका आणि अमीर गाझानकडे गेले की तुमच्या वडिलांचं चित्र आहे, त्यांच्या आत्म्यासाठी तरी मंदिर नीट करा. तो नाही म्हणाला. मग निदान तिथे महाल तरी बांधा म्हणाले, त्यालाही नाही म्हणाला. स्वतःच्या बापाच्या चित्राबाबत जो इतका कठोर राहतो त्याच्या बौद्ध प्रजेला काय आशा असणार?

ख्रिश्चनांची कथा थोडी वेगळी आहे. पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख मार याहबल्लाहा तिसरे, जे मूळचे चीनकडून आलेले होते, त्यांना मरागा शहरात पकडून मारहाण झाली, पैसे उकळले गेले. पण आर्मेनियाचा राजा हेथुम दुसरा गाझानचा मांडलिक होता आणि त्याचं सैन्य गाझानला हवं होतं. त्याने मध्यस्थी केली आणि गाझानने ख्रिश्चनांवरची सक्ती बरीच सैल केली. ज्याच्या मागे राजा होता तो वाचला, बौद्धांसाठी बोलायला कोणी नव्हतं.

प्रश्न : गाझान मुसलमान, इजिप्तचे मामलुकही मुसलमान. मग धर्मांतरानंतर लढाया थांबायला हव्या होत्या ना?

थांबल्या तर नाहीतच, उलट गाझाननेच त्या नव्याने पेटवल्या, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा राजकीय परिणाम इथे आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१२६० मध्ये ऐन जालूतला मामलुकांनी मंगोलांना हरवलं, तेव्हापासून सीरिया मामलुकांकडे होता. मामलुक सुलतान हे मुळात गुलाम म्हणून विकत घेतलेले तुर्क सैनिक, राजघराणं वगैरे काही नाही. गादीवर बसायचा हक्क ते एकाच गोष्टीवर सांगायचे, की आम्ही काफिर मंगोलांपासून इस्लामचं रक्षण करतो. बगदादच्या खलिफाच्या घराण्यातला एक माणूस त्यांनी कैरोत आणून खलिफा म्हणून बसवला होता तो त्यासाठीच. आता समोरचा मंगोलच मुसलमान झाल्यावर या दाव्याखालची जमीनच सरकली. गाझान स्वतःला पादशाह-ए-इस्लाम म्हणवायला लागला आणि म्हणू लागला की मी चंगेज खानाचा वंशज, वर मुसलमान, आणि हे कालचे गुलाम, मग इस्लामचं राज्य करायचा हक्क कोणाचा?

निमित्तही मिळालं. १२९९ मध्ये मामलुकांच्या एका टोळीने गाझानच्या अंकित असलेल्या मार्दीनच्या मुलखात छापा टाकला, तोही रमझानमध्ये, आणि मशिदीत दारू पिऊन धिंगाणा घातल्याचा बोभाटा झाला. गाझानने उलेमांकडून फतवा घेतला आणि निघाला. २२ डिसेंबर १२९९ ला होम्सजवळ वादी अल खजनदारला मामलुकांचा दणकून पराभव झाला. इतकी वर्षं जे हुलागूला, त्याचा मुलगा अबाकाला टिकवता आलं नाही ते सीरियाचं मैदान गाझानच्या हातात आलं.

जानेवारी १३०० मध्ये दमास्कसच्या उमय्या मशिदीत त्याचं फर्मान वाचलं गेलं. त्यात मंगोल धमकीची भाषा नाही, कुरआनातल्या आयती आहेत, आम्ही मुसलमान आहोत, जुलमी राज्यकर्त्यांपासून तुम्हाला सोडवायला आलोय, सैनिकांनी कोणाला हात लावू नये, यहुदी ख्रिश्चनांनाही नाही, असं सगळं आहे. शुक्रवारच्या खुतब्यात सुलतान महमूद गाझान हे नाव घेतलं गेलं. आणि त्याच दिवसांत शहराबाहेरची सालिहिया वस्ती लुटली जात होती, माणसं बंदी करून नेली जात होती, लोकांकडून प्रचंड खंडणी उकळली जात होती. किल्लेदाराने तर किल्ला दिलाच नाही. मशिदीत ऐकलेलं आणि रस्त्यावर पाहिलेलं यात एवढं अंतर असेल तर त्या फर्मानावर दमास्कसच्या माणसाने विश्वास का ठेवावा!

फेब्रुवारीत गाझान परत फिरला. हजारो घोड्यांना पुरेल इतका चारा सीरियात नव्हता, आणि मागे इराणच्या दक्षिणेत मध्य आशियातल्या चगताई मंगोलांनी घुसून लूट चालवली होती.

याच दमास्कसमध्ये इब्न तैमिया नावाचे विद्वान होते. गाझानला भेटायला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. पुढे त्यांनी फतवे दिले ज्यांचा सूर असा की हे मंगोल कलमा म्हणतात, नमाजही पढतात, तरी यांच्याशी लढणं कर्तव्य आहे, कारण ते शरियतऐवजी चंगेज खानाचा कायदा, यासा, चालवतात. सैनिकांच्या मनात खरंच घोळ होता की मुसलमानावर तलवार कशी उचलायची, तर त्यांना ते म्हणाले की मी स्वतः जरी डोक्यावर कुरआन ठेवून त्यांच्या बाजूला उभा दिसलो तर मलाही मारा. एप्रिल १३०३ मध्ये दमास्कसच्या दक्षिणेला मर्ज अल सुफ्फरची लढाई झाली, ती पुन्हा रमझानमध्ये. इब्न तैमिया सैन्यात फिरत होते, हातातलं काहीतरी खात, म्हणजे सैनिकांना दिसावं की लढताना रोजा सोडायला परवानगी आहे. मंगोल हरले, आणि सीरिया घ्यायची त्यांची ती शेवटची मोठी मोहीम ठरली.

म्हणजे बघा, आधी भांडण मुसलमान विरुद्ध काफिर असं सरळ होतं. गाझानमुळे ते खरा मुसलमान कोण यावर आलं. हे भांडण तलवारीने सुटणारं नव्हतं, आणि इब्न तैमियांचे ते फतवे पुढे शतकानुशतकं, अगदी विसाव्या शतकातही, स्वतःच्या मुसलमान राज्यकर्त्यांविरुद्ध उठणाऱ्यांनी वापरले.

प्रश्न : मग इब्न तैमियांचा आरोप खरा होता का? गाझानने मंगोल कायदा सोडला नाही?

बराचसा खरा होता. सगळ्यात बोलकं उदाहरण त्याच्या लग्नाचं. वडील अर्गूनची विधवा, म्हणजे स्वतःची सावत्र आई बुलूगान खातून, तिच्याशी त्याने लग्न केलं. मंगोलांमध्ये हा रिवाजच होता, शरियतमध्ये साफ हराम. मार्ग असा काढला की अर्गून मुसलमान नव्हता, त्यामुळे त्याचं लग्न इस्लामी दृष्टीने लग्नच नव्हतं, म्हणून मुलाला आडकाठी नाही.

त्याची नाणी बघा. चांदीच्या नाण्याच्या एका बाजूला अरबीत कलमा. दुसऱ्या बाजूला उइगुर लिपीत मंगोल मजकूर की आकाशाच्या, तेंग्रीच्या, बळाने गाझानने पाडलेलं नाणं, आणि वर चीनच्या मंगोल दरबारात चालणारी फाग्स-पा लिपीसुद्धा. चीनमधल्या मोठ्या खानाचं नाव मात्र नाण्यांवरून गेलं. संबंध तोडले नाहीत, वकील जातयेत राहिले, पण मी तुमच्या हाताखालचा नाही हे नाण्यावरून कळवलं. अल्लाह आणि तेंग्री एकाच नाण्यावर, यात त्याला काही विसंगती वाटत नसावी. १३०२ मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनाही तो मामलुकांविरुद्ध एकत्र येऊया म्हणून पत्र पाठवतो, मुसलमान होऊन सात वर्षं झाल्यावर.

प्रश्न : सगळे मंगोल त्याच्यासोबत गेले का?

नाही. पहिल्या दोन वर्षांत कटाच्या संशयावरून त्याने इतके राजपुत्र आणि अमीर मारले की हुलागूचा वंश बराच विरळ झाला. आणि एक प्रकार असा झाला की वाचून थक्क व्हायला होतं. सुमारे दहा हजार ओइरात घरं, बायदूच्या बाजूची, अजून मुसलमान न झालेली, गाझानच्या भीतीने पळाली ती थेट मामलुकांच्या मुलखात, १२९६ मध्ये. तिथे सुलतान होता किताबुगा, जन्माने मंगोलच, त्याने त्यांना मान दिला. पण ते रमझान पाळेनात, घोडे त्यांच्या पद्धतीने मारून खायचे, लोक आणि बाकीचे अमीर चिडले, आणि त्याच वर्षाअखेर किताबुगाची गादी गेली त्यामागे ही नाराजीही होती.

प्रश्न : गाझानच्या करसुधारणा इस्लाममुळे झाल्या का?

थोड्या. मुख्य कारण पैसा. एकाच वर्षात पुन्हापुन्हा कर उकळल्याने शेतकरी गावं सोडून पळत होते, यज्दच्या बाजूला वसुलीवाला येतोय हे बघायला माणूस बसवलेला असायचा आणि इशारा मिळाला की अख्खं गाव गायब. गाझानने कराचा आकडा ठरवून तो दगडावर, लाकडी किंवा तांब्याच्या पाटीवर कोरून गावात लावायला सांगितला म्हणजे त्यावर कोणी मागू नये. वजनं मापं तबरीझच्या प्रमाणावर एक केली, चांदीचं नाणं सगळीकडे सारखं केलं, सैनिकांना जमिनी लावून दिल्या. मंगोल अमीरांना त्याने सुनावलं की रयतेला लुटायचंच असेल तर ते माझ्याइतकं कोणाला जमणार, पण तिचे बैल आणि बियाणं तुम्ही नेलंत तर उद्या खाणार काय? हे सगळं रशीदुद्दीनने लिहिलंय आणि रशीदुद्दीन हाच या सुधारणांचा कारभारी, त्यामुळे कौतुक थोडं कमी करून वाचावं. पण राजा आणि रयत एका धर्माचे झाल्यामुळे हमदानच्या यहुदी घरात जन्मून मुसलमान झालेल्या रशीदुद्दीनसारख्या इराणी अधिकाऱ्यांचा शब्द दरबारात चालायला लागला, हे मात्र नक्की.

प्रश्न : बर्के खान त्याआधी मुसलमान झाला होता ना?

हो, व्होल्गा नदीकडच्या मंगोल राज्याचा खान बर्के, गाझानच्या तीसचाळीस वर्षं आधी. १२६२ पासून तो हुलागूशी लढला आणि मामलुकांशी मैत्री केली. पण त्याच्यानंतर तिथे पुन्हा बिगरमुसलमान खान आले, राज्याचा धर्म पक्का झाला तो १३१३ मध्ये गादीवर आलेल्या उझबेक खानापासून. आणि मध्य आशियातल्या चगताई राज्यात तर्माशिरीन मुसलमान झाला तर १३३४ मध्ये त्याला त्याच्याच मंगोलांनी यासा मोडतो म्हणून उलथवून मारलं. धर्म तोच, पण तिथल्या पूर्वेकडच्या टोळ्या अजून भटक्या होत्या, इराणातल्यासारख्या मुसलमान शहरांशी जोडलेल्या नव्हत्या.

प्रश्न : गाझाननंतर इराणात काय झालं?

मे १३०४ मध्ये कझवीनजवळ तो वारला, वय फक्त ३२. आधीच्या मंगोल राजांना गुप्त जागी पुरायचे, कोणाला पत्ता लागू नये म्हणून. गाझानला तबरीझजवळ त्यानेच बांधलेल्या घुमटाखाली पुरलं, शेजारी मशीद, मदरसे, दवाखाना, वेधशाळा. भाऊ ओल्जायतू गादीवर आला, लहानपणी निकोलस नावाने बाप्तिस्मा झालेला, मग सुन्नी, मग १३१० च्या सुमारास शिया. मामलुकांशी तह झाला तो ओल्जायतूचा मुलगा अबू सईद याच्या काळात, १३२३ मध्ये, म्हणजे गाझानने कलमा म्हटल्यानंतर २८ वर्षांनी. आणि तोही धर्म एक म्हणून झाला नाही, सीरिया आता हाती लागत नाही हे इराणला पटलं, आणि व्यापाऱ्यांचे तांडे अडू नयेत असं दोन्ही बाजूंना वाटायला लागलं, म्हणून झाला. १३३५ मध्ये अबू सईद वारस न ठेवता गेला आणि इलखानांचं राज्य तुकड्यातुकड्यात फुटलं. त्या तुकड्यांवर भांडणारे सरदार, मंगोल असोत की इराणी, आता मुसलमान म्हणूनच भांडत होते.